आईच्या मापाचा कोट

पाठ, सोळा. हे आईचं मानेपासून कमरेपर्यंतचं माप, इंचात, मुतखड्यानं तिला पहिल्यांदा आडवं केलं त्या वर्षीचं.

पाठ, साडेपंधरा.

पाठ, पंधराला थोडं कमी. हे मी वहीत अगदी बारीक लिहिलंय, कुणी वाचू नये असं.

मी शिंपी. पाठीला बाक आला की कोट मागून उचलला जातो आणि पुढून लोंबतो. मग मागं कापड वाढवायचं, पुढं कमी करायचं, खांद्यात पातळ गादी भरायची. माणूस ताठ दिसतो. आईला मी सहा वर्षं ताठ ठेवलं. डॉक्टर तिच्या मूत्रपिंडाचे फोटो बघायचे. पाठ कुणी बघितलीच नाही, पाठीवर माझा कोट होता. मग एक दिवस ती नुसती खुर्चीवरून उठली आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर चार महिने. बस.

तिचा शेवटचा कोट दुकानातल्या पुतळ्यावर आहे. पाठमोरा दिसला की अजून माझ्या तोंडून ‘आलोच’ निघतं.

काल ताई आली. तिलाही खडे होतात, आतापर्यंत तीन. खडा चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा असतो असं कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून तिनं दूध-दही तोडलंय. बारा वर्षं झाली. नवा कोट मागून उचलला जातो अशी तिची तक्रार होती. वय झालं तुझं, हात बिघडला, असा टोमणाही मारला. कोट मी वहीतल्या तिच्या जुन्या मापावर कापला होता. बहिणीचं माप पुन्हा कोण घेतं?

बोलता बोलता तिनं पुतळ्यावरचा कोट काढून अंगात घातला.

बसला.

मागं चुणी नाही, काखेत नाही. आरशात आई उभी होती आणि ताईच्या आवाजात हसत होती.

“बघ, असा शीव,” ती म्हणाली. “शिक जरा स्वतःकडूनच.”

‘हो’ अगदी जिभेवर आलं होतं. मागं थोडं कापड वाढवलं की झालं असतं. मी टेप घेतली, तिच्या मानेपासून खाली सोडली. पंधराला थोडं कमी.

“ताई, हा कोट सरळ पाठीला बसत नाही.”

मग सगळं सांगितलं. ती बराच वेळ बटणं काढत राहिली. आईला माहीत होतं का, एवढंच तिनं विचारलं. नाही म्हणालो. मला होतं.

आज सकाळी आम्ही दोघं तिच्या डॉक्टरांकडे गेलो. काहींच्या लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, हाडं ठिसूळ होत जातात, असं ते म्हणाले. दूध आपल्या मनानं तोडायचं नव्हतं. हाडांची घनता मोजून घ्या, म्हणून चिठ्ठी दिली.

तपासणीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत तंत्रज्ञ बाई विचारत होत्या, उंची कमी झाल्यासारखी वाटते का, घरात कुणाचं हाड मोडलं होतं का.

“बाहेर माझा भाऊ बसलाय, त्याला विचारा,” ताई म्हणाली. “आमच्याकडे हे आधी त्यालाच कळतं.”

बाई पेन घेऊन दाराशी आल्या. मी आईपासून सुरुवात केली.