नागुआक्काच्या पायातली चीर

ज्या बसलिंगप्पा पाटलाच्या विहिरीच्या पायरीवर आम्हाला पाय ठेवता येत नव्हता, त्यानं माझ्या जावेच्या उजव्या पायाला हळदकुंकू लावलं तेव्हा मी हसले. मोठ्यानं हसले. पाटील वाकलेला, उपरण्याचं टोक मातीत लोळतंय, आणि माझी थोरली जाऊ नागुआक्का पाय लांब करून महाराणीसारखी बसलेली.

"भामे, दात झाक," आक्का हळूच म्हणाली. "आपण बुद्धाचे. आपल्याला असलं चालत न्हाई."

"मग पाय मागं घ्या की."

"घेऊ कशी? जलमात पहिल्यांदा वाकलाय. वाकू दे थोडं."

नागुआक्का पायाळू. आईच्या पोटातून डोकं आधी न येता पाय आधी आले. पायाळू माणसाला भुईतलं पाणी कळतं असं गावाचं म्हणणं. आम्ही छप्पन सालीच देव टाकले, भगत टाकले, अंगारे-धुपारे टाकले. पण गावानं काहीच टाकलं नव्हतं आणि पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता. तेव्हा त्यांना आक्काचा पाय आठवला.

त्याची रीत अशी. पायाळू बाईनं अनवाणी चालायचं. या बांधापासून त्या बांधापर्यंत. थोडं चाललं की थांबायचं आणि उजवा पाय भुईवर आपटायचा. पायात कळ आली की खाली पाणी. आमची काळी जमीन तापून लोखंड झालेली, त्यावर माझी जाऊ सकाळपासून दिवस कलेपर्यंत पाय आपटत फिरायची. पाटलाच्या देवणी बैलांच्या खुरांना सुद्धा नाल होते. आक्काच्या पायाला वहाण चालत नव्हती. पाणी लाजतं म्हणे.

पहिल्यांदा कळ आली ती पाटलाच्या खालच्या शेतात. खणलं तर ओल लागली, घागरभर पाणी झिरपलं, दुसऱ्या दिवशी आटलं. तेवढं बस्स झालं. गाव वेडं झालं. मग ज्याच्या त्याच्या शेतात आक्का. आधी कळ कधीतरी यायची, पुढं रोज यायला लागली, एकाच शेतात दोन-तीन जागी यायला लागली. खड्डे पडले, पाणी लागलं नाही. पण श्रद्धा अशी चीज आहे की कोरड्या खड्ड्यातसुद्धा ती बुडत नाही. "पाणी होतं, आपण खणायच्या आत खाली पळालं," असं पाटील म्हणायचा आणि माना डोलायच्या.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं असतं. पण उस्मानाबाद तोडून लातूर जिल्हा नवा झाला होता. नवा कलेक्टर, नवी हापिसं, नव्या जीपगाड्या. त्या हापिसातून सांगावा आला की बोअरची गाडी येणार, एका गावाला एकच बोअर मिळणार, त्यावर हापसा बसणार, आणि जागा गावानं ठरवायची. गावानं म्हणजे पाटलानं. पाटलानं म्हणजे, यंदापुरतं, आक्काच्या पायानं.

आक्काला हापसा आमच्या वस्तीच्या तोंडाशी, ओढ्याकाठच्या बाभळीपाशी पाहिजे होता. आम्ही बायका घागरी घेऊन पाटलाच्या विहिरीच्या खाली उन्हात उभ्या राहायचो. वरून कुणाला दया आली तर घागरीत पाणी ओतलं जायचं. नाही आली तर उभं राहायचं. कायदा होता, शिक्षा होती, सगळं कागदावर होतं. कागद पिता येत नाही.

पण आक्काच्या पायात आमच्या वस्तीत कधी कळ यायचीच नाही. रोज सकाळी घरातून निघताना ती बाभळीपाशी थांबायची, पाय आपटायची, वाट बघायची. काही नाही.

"सांग की कळ आली म्हणून," माझा भाया पंढरी, म्हणजे तिचा नवरा, एकदा म्हणाला. "कोण बघतंय तुझ्या पायात शिरून?"

"खोटं बोलून आणलेलं पाणी माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई."

"घशाखाली उतरायला पाणी लागतं आधी," पंढरी म्हणाला.

गाडी यायला थोडेच दिवस उरले आणि आक्काचा पाय सुजला. हळद लावली, पाला बांधला, शेकून झालं. पाटलाला कळल्यावर तो आनंदला.

"सुजला म्हंजे लई पाणी हाय."

"दवाखान्यात जाते म्हणते मी," आक्का म्हणाली.

"नागुबाई, खुळ्या का काय तुम्ही? डॉक्टरनं पाय बरा केला तर गावाचं पाणी जाईल."

दुष्काळाआधी तो तिला नागी म्हणायचा. आता नागुबाई, आणि वर तुम्ही. मला सांगावंसं वाटत होतं की पाटील, एवढा मान झेपत नाही, थोडा खाली ठेवा. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही दोघी जावा उदगीरला गेलो.

डॉक्टर तरुण होता, मन्मथ नावाचा. समोर स्टूल ओढून बसला आणि आक्काचा धुळीचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. नाव पाटलाच्याच जातीतलं, तरी मी त्याला तिथंच अर्धं माफ केलं.

"कुठं दुखतं?"

आक्कानं सगळा पाय दाखवला.

"सगळा नको, मावशी. एका बोटानं दाखवा."

आक्कानं बोट टेकवलं. पायाच्या वरच्या अंगाला, मधल्या बोटाच्या मागं जे लांब हाड जातं त्यावर. डॉक्टरनं अलीकडं दाबलं, पलीकडं दाबलं, आक्का गप्प. बरोबर त्या जागी दाबलं आणि तिनं त्याचं मनगट पकडलं.

"लचक असती तर तळहातभर दुखलं असतं," तो म्हणाला. "पडला होता का? दगड-बिगड?"

"न्हाई."

"सकाळी उठल्यावर दुखतं?"

"सकाळी न्हाई. चालून चालून दुखतं. बसलं की थांबतं."

"आणि पहिल्यांदा खूप चालल्यावर दुखायचं, आता लवकर दुखतं?"

"हाव. तुमाला कोण सांगितलं?"

त्यानं दोन शिंगांचा एक लोखंडी चिमटा आपल्या गुडघ्यावर मारला. चिमटा गुंऽ करत थरथरला. त्याचा दांडा त्यानं त्या हाडावर ठेवला तशी आक्का बसल्या जागेवरून उठली.

"भामे, हेच्यात बी पाणी हाय."

मग त्यानं तिला एका पायावर उडी मारायला सांगितलं. आधी डावा. आक्कानं डाव्या पायावर अशी उडी मारली की बाकड्यावरचे पेशंट बघत राहिले. लंगडी खेळत वाढलेली बाई. उजव्यावर मात्र अर्धी उडी झाली आणि ती माझ्या गळ्यात पडली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या दुष्काळात खरं पाणी तेवढंच मी पाहिलं.

हाडाचा फोटो काढला. फोटो स्वच्छ. एक रेघ नाही. माझं डोकं सटकलं.

"म्हंजे काय, माझी जाऊ खोटं बोलून राहिली? गरिबाचं दुखणं फोटोत बी येत न्हाई का?"

"ताई, फोटोला उशिरा कळतं," डॉक्टर शांतपणे म्हणाला. "हाडाला चीर पडलीय, केसाहून बारीक. ती भरून यायला लागली की तिथं नवीन हाडाची गाठ धरते, मग फोटोत दिसते. दोन-तीन आठवडे लागतात. तोवर त्यांच्या बोटावर विश्वास ठेवायचा. एका फटक्यात मोडत नाही हे, तेच तेच करून थकून चिरतं. फौजेत नव्या पोरांना कवायतीनं होतं." मग आक्काकडं बघून म्हणाला, "मावशी, तुम्ही कुठल्या फौजेत?"

"पाटलाच्या," मी म्हणाले.

मी त्याला सगळं सांगितलं. पायाळू, पाणी, खड्डे, हळदकुंकू. तो ऐकता ऐकता तोंडावर हात धरून बसला.

"म्हणजे जितकं जास्त चालणं, तितकं जास्त पाणी," तो म्हणाला.

"घरून निघतानी कामून येत नव्हती कळ?" आक्कानं विचारलं, आणि तिचं तिलाच उमगलं. घरून निघताना पाय ताजा. पाटलाची जमीन शेवटी, कारण मोठ्या माणसाचं काम सावकाश, नीट. तिथं पोचेपर्यंत पाय पिंजलेला. सगळ्यात जास्त कळ पाटलाच्याच जमिनीत.

पट्टी बांधून डॉक्टरनं बजावलं की पायावर भार टाकायचा नाही, आपटायचा तर मुळीच नाही. "असंच चालवत राहिलात तर चिरलेलं हाड मोडेल, मग जन्मभर लंगडाल."

परतीच्या एसटीत आम्हाला बसायला जागा नव्हती. आक्का माझ्या खांद्यावर रेलून एका पायावर उभी.

"भामे, भुईत काय बी नव्हतं. मीच फुटत होते."

"आन् गाव खणत होतं."

एवढ्यावर आम्ही हसायला लागलो ते थांबेना. कंडक्टरनं विचारलं काय झालं. आक्का म्हणाली, "मास्तर, हाड चिरलंय," आणि पुन्हा हसली. त्यानं आम्हाला आपली सीट दिली. वेडाला लोक घाबरतात.

गावात आल्या आल्या आक्कानं चावडीसमोर सगळ्यांना खरं सांगितलं. पाण्याचं काही नाही, हाड चिरलंय, चालून चालून चिरलंय. पाटलानं विचार केला.

"हाड चिरलं म्हंजे पाण्याच्या जोरानंच चिरलं," तो म्हणाला. "बिनपाण्याचं चिरलं असतं तर फोटोत आलं असतं."

माना डोलल्या. आता अशा माणसाशी काय बोलायचं?

बोअरची गाडी आली. बरोबर नव्या जिल्ह्याचे साहेब, अमृतराव, हातात नकाशा. त्यांनी खडक बघितला, ढाळ बघितला आणि बोट ठेवलं ते ओढ्याकाठी, आमच्या बाभळीच्या आसपास.

"तिकडं?" पाटील म्हणाला. "म्हंजे आमच्या बायकांनी त्यांच्यात जायचं पाण्याला? नकाशाला काय कळतंय साहेब, नकाशाला पाय असतात का? आमच्याकडं पाय हाय."

अमृतराव थकलेला माणूस. गावांशी भांडून भांडून त्याचंही कुठंतरी चिरलेलं असणार. "संध्याकाळच्या आत सांगा," म्हणाला आणि ओढ्याकडच्या वाटेवर लावलेल्या गाडीच्या सावलीत बसला.

आक्का चालणार नाही म्हणाली. पाय टेकवीन, आपटणार नाही. मग गावानं बाज काढली. बाजेवर आक्का, बाजेला चार खांदे, आणि पुढच्या दोन खांद्यांत एक पाटलाच्या थोरल्या लेकाचा, सिद्धरामचा. वाजंत्री तेवढी नव्हती. मी बाजूनं चालत होते आणि पदर तोंडात कोंबला होता.

"भामे, लई वर धरलंय गं यांनी," आक्का वरून म्हणाली. "मला उदगीर दिसून राहिलंय."

पहिली पाटलाची जमीन. बाज टेकली, आक्कानं बसल्या बसल्या पाय भुईवर ठेवला. सगळे वाकून बघायला लागले.

"दुखंना," आक्का म्हणाली.

पाटलानं जागा बदलली. दुखंना. विहिरीमागं. दुखंना. चिंचेखाली. दुखंना. बसून टेकवलेला पाय कशाला दुखेल? डॉक्टरचं बोलणं तिनं भर चावडीत सांगितलं होतं, कुणाला ऐकायचं नव्हतं. पाटलाचा चेहरा उतरत गेला, बाज उचलणारे घामाघूम झाले, दिवस कलला. शेवटी पाटील म्हणाला, "न्या हिला घरी."

आमच्या वस्तीच्या तोंडाशी आले आणि सिद्धराम थांबला. चौघांनी बाज खाली ठेवली. बाभळीच्या अलीकडं.

"आत न्या की," मी म्हणाले. "घर समोर दिसतंय. पायावर भार टाकायचा न्हाई तिनं."

"आम्ही आत येत नसतो," सिद्धराम म्हणाला. दिवसभर जिला खांद्यावर मिरवलं तिच्या गल्लीत यांचे पाय विटाळणार होते. "एवढं जाईल ती चालत."

मी शिव्या द्यायला तोंड उघडलं. आक्कानं मला हातानं गप्प केलं. तिनं बाज सोडली, माझा खांदा धरला, आणि घराकडं उजवं पाऊल टाकलं. भार पडला. ती ओरडली, अशी ओरडली की बाभळीवरचे पक्षी उडाले, आणि तिथंच मटकन खाली बसली.

"आई गं. मेले."

बाजेमागून आलेला पाटील परत निघाला होता, तो जागीच खिळला.

"दुखलं?"

"दुखलं ना, मुडद्यांनो. लई दुखलं."

हे तिच्या तोंडचं सगळ्यात खरं वाक्य. अमृतराव सावलीतून उठून आला, नकाशा बघितला, बाभळ बघितली, आणि ड्रायव्हरला हात केला. पाटलाला मागं फिरता येईना. पायानं सांगितलं होतं, आणि पायाला त्यानं स्वतःच्या हातानं कुंकू लावलं होतं.

गाडी रात्रभर घुमली. आधी पांढरी धूळ, मग चिखल, मग पाणी आलं.

पुढच्या फोटोत त्या हाडावर पांढरी गाठ दिसली, ज्वारीच्या दाण्यासारखी. डॉक्टरनं ती आक्काला उजेडात धरून दाखवली. तोवर हापसा बसला होता. आक्का पट्टी बांधलेला पाय उशीवर ठेवून हापशाजवळ बाजेवर बसायची, हुकूम सोडायला. अशाच एका दुपारी पाटलीण गुरम्मा घागर घेऊन आली आणि लांब उभी राहिली. जशा आम्ही उभ्या राहायचो तशी. पाटलाची विहीर त्या आठवड्यात तळाला गेली होती.

"नीरू बंता?" ती कानडीत पुटपुटली. पाणी आलं का, म्हणून. समोर धार पडत होती.

"घाला की गं कुणीतरी," ती म्हणाली आणि घागर पुढं सरकवली. वरून ओतायची वाट बघत.

माझ्या तोंडात पंचवीस वर्षांचं साठलेलं होतं. आक्का माझ्या आधी बोलली.

"आक्कासाब, असं लांबून न्हाई येत ते," ती म्हणाली. "दांड्याला हात लावा. आत्ताच भामानं सोडलाय, गरम असंल. धरा आन् हापसा."