रिकाम्या पेटीचे जेवण

माझे संपूर्ण नाव मत्स्यपेटीच्या गाळणीतला काळा स्पंज. वय सहा वर्षे पूर्ण. आमच्या कुळात हे वय ज्येष्ठांचे समजले जाते. तेव्हा वाचकांनी मला ‘अहो’ म्हणावे, अशी अपेक्षा आहे.

माझा जन्म साच्यात झाला. परंतु माझे खरे आयुष्य एका घड्याळजींच्या दुकानात घडले. तेथे काचेच्या पेटीत रावसाहेब नावाचा सोनेरी मासा राहत असे. मासा ज्या पाण्यात जगतो त्यातच विष सोडतो. माझ्या छिद्रांत बिऱ्हाड केलेले असंख्य जिवाणू त्या विषाचे आधी दुसरे विष करीत आणि मग तेही निरुपद्रवी करून टाकीत. गिऱ्हाइके मला पाहून नाक मुरडीत; रावसाहेब मात्र माझ्या जिवावर जगत.

पुढे घड्याळजींची नजर मंदावली. दुकान बंद करून ते लेकीकडे आले. हलवाहलवीत पेटी तडकली. रावसाहेबांना शेजारच्या औषधवाल्याने टबात ठेवून घेतले. मी पेटीतलेच जुने पाणी भरलेल्या डब्यातून आलो. लेकीने नवी पेटी आणून भरली.

“रावसाहेब इथे नांदला तर मी राहीन,” घड्याळजी तिला म्हणाले. “त्याचं काही बरंवाईट झालं, तर मला परत माझ्या जुन्या खोलीवर सोड.”

जावई भला माणूस. मदत करावी म्हणून त्याने मला नळाखाली धरले आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत पिळले. “बघा बाबा, पाहुण्याला आंघोळ घातली!”

नळाच्या पाण्यात जंतू मारण्याचे औषध असते. माझे बिऱ्हाडकरू मोरीतून वाहून गेले.

“जावईबापू, अख्खं गाव बुडवलंत!”

“अहो, घाण होती ती!”

“घाण नव्हे, कामगार होते ते.”

मला नव्या पेटीत बसविण्यात आले. आत खोल छिद्रांत कोणी उरले होते की नाही, हे मलाही ठाऊक नव्हते. पंप घरघरत पाणी ढकलत होता आणि माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. घड्याळजी रोज माशांच्या खाद्याची चिमूट रिकाम्या पेटीत टाकू लागले.

लेक हसली. “बाबा, मासा नाही आणि पंगत कुणाची?”

“जे अजून जन्मायचेत त्यांची.”

कुजलेल्या खाद्याचे विष हेच जिवाणूंचे अन्न. पाणी आरशासारखे दिसे. तपासणीच्या नळीत थोडे घेऊन औषधाचे थेंब टाकले की मात्र हिरवे होई. हिरवे म्हणजे विष, पिवळे म्हणजे निर्धोक; दुसऱ्या विषाच्या नळीत निर्धोक रंग निळा.

अशातच औषधवाल्याचा फोन आला. “काका, रावसाहेब वर येऊन तोंड उघडतोय. घेऊन जा हो, बघवत नाही.”

जावई उठला. “आणतो मी.”

“इथे आणाल तर आगीतून फुफाट्यात!”

जावई घुटमळला. मग नळाचे औषध उडून जावे म्हणून मुरवून ठेवलेल्या पाण्याचा कॅन उचलून म्हणाला, “मग टबातलं पाणी तरी बदलून येतो.” तेव्हापासून कामावरून आल्यावर चहाही न घेता तो कॅन घेऊन निघे. परतला की घड्याळजी दारातच विचारीत, “आहे ना?” तो म्हणे, “आहे.”

घड्याळजींना आता रंगांतला फरक कळत नसे. एका सकाळी त्यांनी दोन्ही विषांच्या नळ्या जावयापुढे धरल्या. “तुम्हीच सांगा.”

जावयाने त्या उजेडात नेल्या, पुन्हा पुन्हा पाहिल्या. “ही पिवळी. दुसरी निळी. दोन्ही विषं गेली, बाबा.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग आणा त्याला.”

वाचकहो, नव्या पेटीचे नितळ पाणी पाहून मासा सोडण्याची घाई करू नका. आम्हां मळकटांना वसण्यास सवड द्या, एवढीच विनंती.

रावसाहेब अशक्त होऊन आले. पण दोन घास खाल्ले. आता ते तळापासून पृष्ठभागापर्यंत फिरतात. त्यानंतर घड्याळजींनी आपली जुनी खोली सोडून दिली.