हवेत असताना बदक काय करतं

मित्रांनो, शेपटीसारखी लांब तार असलेला कंट्रोलर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलाही नसेल. तसा एक जुना कंट्रोलर मी आहे. व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात, तो. माझा रंग राखाडी. डाव्या बाजूला अंगठ्यानं फिरवायची दांडी, उजव्या बाजूला बटणं आणि खांद्यावर आणखी दोन. माझं तोंड कायम खेळणाऱ्याकडे असतं, त्यामुळे ज्या पडद्यासाठी मी जन्मभर राबलो तो मी कधी पाहिला नाही. मी पाहिले ते खेळणाऱ्यांचे चेहरे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. कुणी माझ्या पोटात हिरवी पट्टी बसवली, कुणी बटणांखाली रबराच्या टिकल्या ठेवल्या, कुणी स्क्रू पिळले. टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाईंनी माझं एकेक बटण दाबून पाहिलं, दांडी गरकन फिरवली आणि मला खोक्यात घातलं. माझ्या आयुष्यात मला तपासणारं ते पहिलं माणूस. इतक्या बारकाईनं मला पुन्हा कुणी हाताळलं, ते फार वर्षांनी.

खोकं उघडलं ते धुलाईच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. खालच्या दुकानात आई काम करायची. वर तिची दोन मुलं असायची. थोरली ताई, आणि तिच्या पाठचा भाऊ. तान्हा असताना तो इतक्या जोरात रडायचा की घरात त्याचं नाव भोंगाच पडलं, ते मोठेपणीही सुटलं नाही. हात धुतल्याशिवाय मला शिवायचं नाही, असा आईचा नियम होता आणि आठवड्यातून एकदा ती स्वतः मला ओलसर फडक्यानं पुसायची. लाडाचे दिवस होते ते.

आमच्या खेळाचं नाव 'भिंगरी'. छोट्या छोट्या उघड्या गाड्यांची शर्यत. गाड्या चालवणारे एकाहून एक नमुने होते. टोपीवाला बेडूक, चष्मेवाली आजी, आठ हातांनी एकच स्टिअरिंग धरणारा ऑक्टोपस, पाठीवर थैली घेतलेलं पोस्टमन बदक. वाटेत उडीच्या फळ्या असत. गाडीची चाकं फळी सोडतात त्याच क्षणी माझ्या खांद्यावरचं बटण दाबलं, की गाडी चालवणारा हवेत एखादी कसरत करायचा आणि खाली उतरल्यावर गाडीला जोर मिळायचा. दांडी कुठल्या दिशेला ढकलली आहे त्यावर कसरत बदलायची. भोंग्याचा यात हात धरणारं घरात कुणी नव्हतं. ताई मोठी असूनही दर वेळी हरायची आणि हरल्यावर भांडी घासायची पाळी तिची, असं ठरलेलं होतं.

पुढे 'भिंगरी'चा दुसरा भाग आला, मग तिसरा. प्रत्येक भागाबरोबर खेळ चालवणारं नवं यंत्र आणि बिनतारी कंट्रोलर आले. माझी तार माझ्याच अंगाभोवती आवळून मला पत्र्याच्या डब्यात टाकलं, वर चार्जर आणि जुने हेडफोन कोंबले. तक्रार करायची तर कुणाकडे? डब्याचं झाकण लागलं आणि किती वर्षं गेली ते मला कळलं नाही.

पुढचं मी बाहेर आल्यावर त्यांच्याच बोलण्यातून गोळा केलं. मधल्या काळात ताई हॉस्पिटलात एक्स-रे काढायला लागली होती. भोंग्याला डोळ्यांचा आजार जडला होता. त्याची नजर कडेकडेनं बुजत आत आली आणि शेवटी पुरती गेली. तो सावरला, एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी करू लागला, एकटा बसनं जाऊ-येऊ लागला. पण 'भिंगरी'चं नाव काढलेलं त्याला चालत नसे. घरात त्या विषयाला कुणी हात लावत नव्हतं.

मग 'भिंगरी'चा पाचवा भाग निघाला. ताईनं तो आणला, काही न बोलता लावला आणि खेळायला बसली. भोंगा शेजारच्या खुर्चीत चहा पीत होता. एका उडीनंतर बेडूक काहीतरी ओरडला तसा यानं कप खाली ठेवला आणि विचारलं, आत्ता त्यानं काय केलं? ताई म्हणाली, गोल फिरला. गोल म्हणजे पुढे की मागे? हात कुठे होते? टोपी डोक्यावर राहिली की उडाली? ताईला एकाचंही उत्तर देता येईना. तिनं तीच उडी पुन्हा मारली, पुन्हा पाहिली, तरी सांगताना तिची जीभ अडखळत होती. डोळ्यांसमोर होऊन गेलेली गोष्ट शब्दांत धरणं इतकं अवघड असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

या खेळाच्या चाहत्यांनी मिळून चालवलेली एक वेबसाइट होती. प्रत्येक भागातला प्रत्येक रस्ता, प्रत्येक गाडी, गाडीची चाकंसुद्धा तिथं नोंदलेली. कसरतींचंही पान होतं. भोंग्यानं आपल्या बोलणाऱ्या कॉम्प्युटरवर ते उघडलं. कॉम्प्युटर वाचू लागला, "बेडूक. चित्र. चित्र. चित्र. ऑक्टोपस. चित्र. चित्र."

ताईनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "आपण लिहू. सगळ्यांच्या, सगळ्या भागांतल्या."

"वेड लागलंय तुला," भोंगा म्हणाला. पण म्हणता म्हणता त्यानं खुर्ची पुढे ओढली.

सुरुवात पहिल्या भागापासून करायची ठरलं. त्या भागाचं जुनं यंत्र माळ्यावर सापडलं, पण त्याला माझ्याशिवाय दुसरं कुणी चालेना. असा मी डब्याबाहेर आलो. माझी दशा बघण्यासारखी झाली होती. तार कडक पडलेली, खांद्यावरचं बटण आत रुतलेलं आणि दांडी कुणी हात न लावता डावीकडे कललेली. ताई मला बाजारातल्या दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेली. त्यांनी मला हातावर तोललं आणि याला आता शोकेसमध्ये ठेवा, असा सल्ला दिला. ताई दुकानातून हलली नाही. ती स्टुलावर बसून राहिली आणि काकांनी आणखी दोन गिऱ्हाइकं केली तरी तिथंच होती. शेवटी काकांनी हसून स्क्रू-ड्रायव्हर उचलला. एका मेलेल्या कंट्रोलरचं बटण मला बसवलं, तार बदलली. दांडीचं मात्र जमलं नाही. ती डावीकडे ओढणारच, सांभाळून घ्या, असं त्यांनी बजावलं.

मग रविवारची दुपार आमची झाली. ताई उडी मारायची, कॉम्प्युटरला जोडलेली एक डबी ते सगळं टिपायची, आणि नंतर ताई एकेक चित्र पुढे सरकवत बोलायची. भोंगा टाइप करायचा. पहिल्या दिवशी तिनं आजीच्या कसरतीला 'सुंदर गिरकी' म्हटलं. भोंग्याची बोटं थांबली.

"सुंदर लिहू नकोस," तो म्हणाला. "सुंदर आहे की नाही ते मी ठरवीन. तू हात कुठे आहे ते सांग."

हे ताईला लागलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली, नळ सोडून उगाच दोन कप विसळले आणि परत आली. मग तिनं आपली हॉस्पिटलातली भाषा काढली. उजवा गुडघा छातीशी. डावा हात कोपरात दुमडून कानामागे. हनुवटी खांद्यावर. भोंगा उभा राहिला आणि ऐकलं तसं स्वतः करून पाहू लागला. त्याला नुसत्या शब्दांवरून ती पोज जमली, तर वाक्य पक्कं. तो कलंडला किंवा त्याचा हात भलतीकडे गेला, तर वाक्य खोडून नवं. एकदा आई वर आली तेव्हा लेक एका पायावर उभा, दोन्ही हात पसरलेले, आणि लेकीनं त्याच्या बगलेत दोन झाडू आणि एक छत्री अडकवलेली. ऑक्टोपसला जास्तीचे हात हवे होते ना. आईनं हे बराच वेळ पाहिलं, आणखी दोन हात लागतात का विचारलं आणि खालून कपडे वाळत घालायच्या काठ्या आणून दिल्या.

आणि मित्रांनो, इतकी वर्षं माझ्याच बटणातून काय घडत होतं, ते मलाही या दुपारींमध्येच पहिल्यांदा कळलं.

ऑक्टोपसचं पान त्यांनी वेबसाइटवर चढवलं आणि आठवड्याच्या आत ते काढून टाकलं गेलं. वेबसाइटचे संपादक फार शिस्तीचे होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी कळवलं, हलतं चित्र असताना एवढा मजकूर वाचणार कोण? ताईचा राग अनावर झाला. ती उत्तरादाखल मोठा निबंध लिहायला बसली. भोंग्यानं कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि एकच शब्द लिहिला. "मी."

खाली, आपल्याला दिसत नाही, एवढं फक्त जोडलं.

मास्तरांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. पान परत लावलं होतं आणि माफी मागितली होती. पण पुढे त्यांनी आपली अडचणही मांडली होती. एका भागाचं पान पुरं झाल्याशिवाय ते पक्क्या पानांत घेता येत नाही, आणि पहिल्या भागात बदकाची एक कसरत कुणालाच मिळालेली नाही. दांडी सरळ खाली ओढून करायची ती. काहींच्या मते ती अस्तित्वातच नाही. ती जागा मोकळी सोडलीत तरी आम्ही समजून घेऊ, असं त्यांनी लिहिलं होतं.

"मोकळी सोडायची नाही," ताई म्हणाली. या वेळी भोंग्यानं तिला वेड्यात काढलं नाही.

अडचण अशी होती की त्या कसरतीला हवेत भरपूर वेळ लागणार, असा चाहत्यांचा अंदाज होता. तेवढी उंच फळी फक्त शेवटच्या रस्त्यावर, धबधब्याच्या वर होती. दांडी केसभर जरी डावीकडे झुकली तरी बदक दुसरीच कसरत करायचं, आणि माझी दांडी तर जन्माची खोड लागल्यासारखी डावीकडे ओढायची. त्यात जुनं यंत्र तापून बंद पडायचं. ताई त्याच्यापुढे पंखा ठेवायची, थंड होईतो ताटकळायची, पुन्हा सुरू करायची. रविवारमागून रविवार गेले. तिच्या अंगठ्याला फोड आला, तिनं पट्टी लावली आणि पट्टीवरून खेळत राहिली. बदक दर वेळी धबधब्यात पडायचं. मला माझ्याच दांडीची लाज वाटायची, पण करणार काय.

एका दुपारी तिनं मला मांडीवर टाकलं आणि दुखरा हात झटकला. भोंग्यानं हात पुढे केला. "दे इकडे."

नजर गेल्यापासून त्यानं मला हातात घेतलं नव्हतं. आता त्याची बोटं माझ्या अंगावरून सावकाश फिरली. दांडीवर अंगठा ठेवून त्यानं तिची ओढ अजमावली. मग म्हणाला, हा डावीकडे ओढतोय, म्हणजे मी उलट्या बाजूला रेटून धरायला हवं. त्यानं शर्यत सुरू केली. ताई त्याला वळणं सांगू लागली तशी तो म्हणाला, "बोलू नकोस. मला ऐकू दे."

तो रस्ता त्याच्या कानांत होता. लाकडी पुलाचा खडखडाट, वळणावरच्या प्रेक्षकांचा गलका, मग जवळ येणारा धबधबा. पहिल्यांदा तो कठड्यावर आदळला. पुन्हा आदळला. मग पुलापर्यंत गेला आणि पाण्यात पडला. त्याच्या कपाळावर घाम होता, पण ओठ घट्ट मिटलेले. लहानपणी जिंकायच्या आधी ते तसेच मिटायचे. यंत्र गरम होऊन घरघरू लागलं. ताईनं हातातल्या वर्तमानपत्रानं त्याला वारा घालायला सुरुवात केली. बोलायचं नाही म्हटल्यावर ती तरी काय करणार?

पूल गेला. गलका मागे पडला. चाकांचा आवाज तुटला आणि त्याच क्षणी माझं बटण दाबलं गेलं, दांडी खाली आली, सरळ, एवढीशीसुद्धा न कलता.

मी ताईचा चेहरा पाहत होतो. तिचा वर्तमानपत्र धरलेला हात तसाच थांबला.

"ताई, काय केलं त्यानं?"

तिनं वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग ती सांगू लागली. दोन्ही पाय सीटवर ठेवून बदक उभं राहिलं. पाठीवरची थैली डोक्यावरून पुढे घेतली, उलटी केली. सगळी पाकिटं हवेत उडाली. मग त्यानं मान मागे टाकली आणि पडणारं एक पाकीट चोचीत पकडलं.

"कुठल्या अंगाला?"

"डाव्या."

भोंग्यानं मान मागे टाकली आणि डावीकडे वळवली. "एवढी?"

"अजून थोडी. हां. आता तोंड उघड."

त्यानं तोंड उघडलं आणि तसाच हसत सुटला. ताईही हसली, मग तिनं पदर सावरायचं निमित्त करून डोळे पुसले. यंत्र त्याच मिनिटाला बंद पडलं आणि पुन्हा सुरू झालं नाही. काकांनीही हात टेकले. पण डबीनं सगळं टिपून ठेवलं होतं.

पहिल्या भागाचं पान पुरं झालं. मास्तरांनी ते बायकोकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि डोळे मिटून बदक करायला गेले, ते खुर्चीसकट आडवे झाले. हे त्यांनी स्वतःच कळवलं. त्यानंतर इतर चाहतेही कसरती शब्दांत लिहून पाठवू लागले आणि मास्तरांनी नवा नियम केला की भोंग्याला ती पोज करता आल्याशिवाय कुठलंही वर्णन पक्कं धरायचं नाही. रविवारी आता त्या दोन खोल्यांत बसायला जागा उरत नाही. दुसरा भाग निम्मा झाला आहे. ऑक्टोपसनं त्यात नव्या कसरती शिकून घेतल्यामुळे काठ्या अजून वरच आहेत.

माझं यंत्र गेलं, त्यामुळे मला आता काम नाही. ताईनं मला खिळ्याला टांगलं आहे, तार सैल सोडून. आई खालून येते तेव्हा फडकं फिरवते.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. आमच्यासारख्यांची तार गच्च आवळू नका, सैल वेटोळं करून ठेवा. ओल्या, चिकट हातांनी धरू नका. नवं आलं म्हणून जुनं डब्यात कोंबू नका. आणि खेळताना शेजारच्या कुणी विचारलं, 'काय झालं?', तर 'भारी झालं' म्हणून मोकळे होऊ नका. हात कुठे होता, पाय कुठे होता, नीट सांगा. तेवढ्यापायी शर्यत हरलात, तरी हरा.