उत्तम म्हणजे सात

लष्करातला अधिकारी कसा आहे हे ठरवणारा कागद एकतीस वर्षं माझ्या टेबलावरून जात आला, आणि अधिकारी कसा आहे हे पाहायचं काम एकदाही माझ्याकडे नव्हतं. माझं काम फॉर्म कसा आहे ते पाहायचं. रकाने भरलेत का, तारखा जुळतात का, गुण देणाऱ्या वरिष्ठाने त्या माणसाला निदान नव्वद दिवस हाताखाली पाहिलंय का, खाडाखोड असेल तर शेजारी छोटी सही आहे का. एवढं जागेवर असलं की शिक्का मारायचा आणि फाइल पुढे ढकलायची. माणूस गेला खड्ड्यात. मूल्यमापन शाखेचा हेडक्लार्क म्हणून माझा दरारा होता. तारीख चुकली म्हणून मी एकदा एका जनरलचा फॉर्म परत पाठवला होता आणि त्या एका गोष्टीवर पुढची दहा वर्षं ऑफिसात मिरवत होतो.

गुण कसे द्यायचे ते नियमपुस्तकाच्या परिच्छेद चौदामध्ये आहे. एक ते नऊ. नऊ म्हणजे असामान्य, 'क्वचितच द्यावेत'. आठ म्हणजे अत्युत्तम. सात म्हणजे उत्तम. सहा, पाच आणि चार म्हणजे चांगला ते ठीक. चारच्या खाली गेलं की शेरा प्रतिकूल धरतात, तो त्या अधिकाऱ्याला दाखवावा लागतो आणि त्याला तक्रार करता येते. परिच्छेद सुरेख लिहिलाय, पाळत मात्र कोणी नाही. प्रत्यक्षात सगळ्यांना नऊ मिळतात. कामसू असला तरी नऊ, कामचुकार असला तरी नऊ, नकाशा उलटा धरणाऱ्यालाही नऊ. आठ दिसले तर निवड मंडळ भुवया उंचावतं आणि सात दिसले तर फाइल बाजूला ठेवतं. हे कुठेही लिहिलेलं नाही. जुना कमांडर जाताना नव्याला सांगतो, गाडीत सामान चढत असताना, उभ्या उभ्या.

पूल बांधणाऱ्या त्या युनिटला जो नवा कर्नल आला, त्याला हे सांगायला कोणी नव्हतं. आधीचा कमांडर छातीत दुखतंय म्हणून अचानक इस्पितळात गेला होता आणि तिथूनच निवृत्त झाला. कर्नल स्वतः बारा वर्षं प्रशिक्षण संस्थेत गणित शिकवून आलेला. रिकाम्या खुर्चीकडून सूत्रं घेतली, कपाटातून नियमपुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून वाचलं. असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मग त्याचं आमच्या शाखेला पत्र आलं: 'परिच्छेद चौदामधील व्याख्या शब्दशः पाळायच्या आहेत काय? कृपया मार्गदर्शन व्हावे.'

उत्तर मी लिहिलं. 'व्याख्या बंधनकारक आहेत.' खाली सही, जावक क्रमांक, तारीख.

आता मला कोणी विचारेल की युनिटचा नंबर दिसला नाही का. दिसला होता. माझा धाकटा भाऊ तिथेच मेजर आहे, हे माहीत नव्हतं का? होतं. पण अशी पत्रं वर्षाकाठी दोन-तीन येतात. अंग झाकायला विचारतात, आमचं उत्तर फाइलला लावतात आणि नऊच देतात. हा माणूस खरंच विचारत असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या दिवशी चाळीस पत्रं निकाली काढली. त्यातलं ते एक.

बाबा गेले तेव्हा धाकटा आठ वर्षांचा होता आणि मी सतराचा. त्याला पाढे मी शिकवले, सायकल मी शिकवली, निवड चाचणीच्या सकाळी त्याच्या बुटांना पॉलिश मी केलं. त्याला पहिल्यांदा सलाम ठोकला तोही मीच, आणि तो लाजून लाल झाला होता. माझा अभिमान म्हणा, मिजास म्हणा, सगळी तिथे होती. तो कामाला वाघ होता. पुरात दोन गावं तुटली तेव्हा त्याने अकरा तासांत तराफ्यांचा पूल उभा केला. फॉर्मच्या पहिल्या भागात अधिकाऱ्याने वर्षभराची कामगिरी स्वतःच लिहायची असते. लोक तिथे स्वतःची आरती करतात. याने लिहिलं होतं, 'पूल अकरा तासांत पूर्ण. दुसऱ्या दिवशी डावीकडचा आधार दोन बोटं खचला. जमीन तपासण्यात माझी चूक झाली.'

निवड मंडळापुढे जाण्याची त्याची ती तिसरी वेळ होती. तीनच मिळतात. पहिल्या दोन वेळी जागा कमी होत्या, या वेळी होत्या. बढती मिळाली असती तर स्वतःचं युनिट मिळालं असतं. नाही मिळाली तर निवृत्तीपर्यंत मेजर, काल हाताखाली असलेल्या पोरांना सलाम ठोकत.

त्याचा फॉर्म आला तो मंडळाच्या बैठकीआधी सहा आठवडे. मी लिफाफा फोडला आणि सवयीने आधी तारखा पाहिल्या, मग सह्या, आणि शेवटी गुण. सात. खाली कर्नलने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'या अधिकाऱ्याच्या हाती मी माझा जीव निर्धास्तपणे देईन. युनिटमध्ये कोणालाही दिलेले हे सर्वाधिक गुण आहेत.' मी बाकीचे फॉर्म काढून पाहिले. खरं होतं. इतरांना पाच आणि सहा होते.

नातेवाइकाचा फॉर्म आला तर तो न तपासता शेजारच्या टेबलावर द्यायचा, असा नियम आहे. मी तो दिला नाही. दार लावून कर्नलला फोन लावला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.

"सर, मेजरसाहेबांना आपण सात दिलेत."

"हो. फार उमदा माणूस आहे. खरं तर आठ देणार होतो, पण अत्युत्तम म्हणायला मी त्याला अजून वर्षभरही पाहिलेलं नाही. काही चुकलं का?"

"चुकलं नाही, सर. पण बाकीचे कमांडर नऊ देतात."

"कोणाला?"

"सगळ्यांनाच."

तो म्हणाला, "असं कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही, सर."

"तुमच्या पत्रात तर व्याख्या बंधनकारक आहेत असं होतं."

"हो, सर."

"म्हणजे सातने त्याचं नुकसान होईल?"

"बढती होणार नाही, सर. आणि ही त्याची शेवटची वेळ आहे."

"अरे देवा," कर्नल म्हणाला. "मग फॉर्म बदलता येईल का?"

"एकदा आमच्याकडे आला की नाही, सर. त्रुटी असली तरच परत जातो. मग तो पुन्हा नव्याने भरता येतो."

"मग आहे का त्रुटी?"

फॉर्म माझ्यासमोर होता. मी तो तीनदा वाचला होता. प्रत्येक रकाना पट्टी लावून भरल्यासारखा. इतका नेटका फॉर्म मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"नाही, सर."

"नीट पाहा, हेडक्लार्क. मी जरा घाईत भरला होता."

घाईत काही भरला नव्हता. तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होता, माझ्या भावासाठी, आणि मला वाट मोकळी करून देत होता. मला ते कळलं. कळलं नाही असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही. तारखेवर शाईचा एक ठिपका पुरला असता. एक पान गहाळ झालं असतं तरी चाललं असतं, दरवर्षी पाच-सहा होतातच. पण जनरलचा फॉर्म परत पाठवणारा मी, माझ्या हातून नसलेली चूक दाखवली जाईना. की घाबरलो होतो? निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. दोन्ही असेल. तत्त्व कुठे संपलं आणि भीती कुठे सुरू झाली हे मला अजूनही सांगता येत नाही.

"पाहिला, सर," मी म्हणालो. "फॉर्म बिनचूक आहे."

त्याने फोन ठेवला. मग मी नियमाप्रमाणे तो फॉर्म शेजारच्या टेबलावर दिला. तिथल्या गृहस्थाला आम्ही 'ठोकळा' म्हणायचो. त्याने न वाचताच शिक्का मारला, आणि वर मला म्हणाला, "भावाचा फॉर्म इकडे देणारा तूच एक. दुसरा असता तर बसला असता कुरवाळत."

यादी लागली तेव्हा त्यात सोळा नावं होती. धाकट्याचं नव्हतं. त्याने रीतसर अर्ज केला, कारण विचारलं. अर्ज अर्थातच आमच्या शाखेकडे आला आणि ठोकळ्याने छापील उत्तर धाडलं: गुण प्रतिकूल नसल्याने ते कळवण्याची तरतूद नाही, सबब तक्रारीस वाव नाही. तीन मिळाले असते तर त्याला भांडता आलं असतं. सात मिळाले, म्हणून आपल्याला किती मिळाले हेही त्याला कळणार नव्हतं.

मी महिनाभर त्याच्याकडे फिरकलो नाही. मग एका रविवारी सकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. "दादा, तुम्ही या हो. हे बोलत नाहीत, जेवत नाहीत धड. रात्रंदिवस एकच, माझं काय चुकलं म्हणून. तुमचं ऐकतील."

गेलो. तो जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसला होता. त्याच्या हाताखालच्या तीन कॅप्टनांचे वार्षिक फॉर्म. ते घरी आणायचे नसतात, हे माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

"बस, दादा," तो म्हणाला. "उद्या द्यायचेत. दोन झाले. हा तिसरा अडलाय."

"काय अडलंय?"

"हा पोरगा दोर न तपासता तराफा सोडतो. सांगून दमलो. मागच्या सरावात दोन जवानांचे पाय चिरडले. एकाचा कापावा लागला." त्याने फॉर्म माझ्याकडे वळवला. गुणांच्या रकान्यात पेन्सिलने तीन लिहिले होते. "याला युनिट मिळालं तर माणसं मारेल हा. लिहायलाच हवं कोणीतरी."

त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला. माझ्याकडे आशेने पाहिलं आणि आत गेली.

मी त्याला सगळं सांगितलं. गोपनीय गुण सांगणं हा गुन्हा आहे. एकतीस वर्षांत एवढा मोठा नियम मी पहिल्यांदाच मोडला, तोही काही उपयोग उरला नव्हता तेव्हा. सात मिळाल्याचं सांगितलं, कर्नलचं पत्र आणि माझं उत्तर सांगितलं, तो फोन सांगितला, शाईचा एक ठिपका पुरला असता हेही सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता.

"म्हणजे साहेबांना मी आवडलो होतो," तो म्हणाला.

"फार."

"आणि त्यांनी तुला विचारलं, चूक आहे का म्हणून."

"हो."

"किती वेळा?"

"दोनदा."

त्याने पेन्सिल कागदावर आडवी ठेवली. ओरडला असता, चहाचा कप फेकला असता, तर मी ते आनंदाने सोसलं असतं. लहानपणी मी त्याला मारायचो तेव्हाही तो असाच गप्प बसायचा.

"दादा, एक ठिपका," तो शेवटी म्हणाला. "मी तुझ्यासाठी पूल घातला असता रे."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तोवर त्याने खोडरबर घेतला आणि तो तिसरा फॉर्म समोर ओढला. पेन्सिलचे तीन खोडले, कागदावरचा रबराचा चुरा हाताने झाडला आणि पेनाचं टोपण काढलं. रकान्यात शाईने नऊ लिहिले. खाली लिहिलं, 'कर्तव्यदक्ष, धडाडीचा अधिकारी. उच्च जबाबदारीस सर्वथा योग्य.' अक्षर त्याचंच होतं, सुबक, मी गिरवून घेतलेलं.

"त्याने माणसं मारली तर?" मी विचारलं.

"तसं कुठे लिहिलेलं असणार नाही," तो म्हणाला. सही केली आणि फॉर्म माझ्यासमोर सरकवला. "तपास. तुला येतं ते."

मी खिशातून चष्मा काढला आणि लावला. रकाने भरलेले होते. नव्वद दिवस पूर्ण होते. सही जागेवर होती.

"तिसऱ्या पानावर तारीख राहिली आहे," मी म्हणालो.

त्याने तारीख घातली.