खाटेखालची शेगडी

यमुनाबाई वाशिमहून लेकीच्या बाळंतपणाला वाघोलीत आल्या, त्या बोचक्यात ओवा, बाळंतशेपा आणि लोखंडी शेगडी घेऊनच. सहाव्या मजल्यावर शेगडी कशाला, असं जावयानं भीत भीत विचारलं.

"तुमच्या हीटरनं हाडं शेकत नाहीत, जावईबापू." झालं, विषय संपला. बाईंपुढे बोलायची अनिरुद्धची काय टाप!

बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी वैष्णवीला न्हाऊ-माखू घातलं आणि खाटेखाली निखारे ठेवले. धूर पुरता थांबल्यावरच हं! एवढी अक्कल त्यांना होती. मग खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या, कारण ओल्या बाळंतिणीला वारा लागला की जन्माचं दुखणं. दार लावून, नातवाला घेऊन त्या बाल्कनीत कोवळ्या उन्हात बसल्या.

अर्ध्या तासानं डोकावल्या, तर अगं बाई, पोरीचे गाल कसे गुलाबी! बाळंतपणानं पांढरीफटक पडलेली लेक ती. "लागला शेक माह्या पोरीले," असं पुटपुटत त्यांनी दार हळूच पुन्हा ओढून घेतलं.

बाळ भुकेनं रडायला लागलं तेव्हा वैष्णवीला हाक मारली. ती उठेना. हलवली, तोंडावर पाणी मारलं, तरी उठेना. गाल मात्र तसेच गुलाबी.

"कोळसा? बंद खोलीत?" आयसीयूतल्या डॉक्टर मिसबांनी विचारलं.

"धूर नव्हता हो बाई! देवाशप्पथ, एक कण नव्हता!"

"निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. हा वायू दिसत नाही, वासही येत नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावून बसतो. गाल गुलाबी होतात ते त्यानंच."

यमुनाबाईंना आठवलं. गाल आपण पाहिले होते. पाहून दार ओढलं होतं.

"माह्या मायनं मले असंच शेकलं होतं..."

"घर कसलं होतं?"

"कवेलूचं," म्हणता म्हणता त्या थांबल्या. तिथे कौलांच्या फटीफटीतून आभाळ दिसायचं.

वैष्णवीच्या घशात नळी घालून शुद्ध ऑक्सिजन सुरू झाला. एवढं यमुनाबाईंनी सोसलं. पण मग नर्सनं तिच्या अंगावर गार पाणी खेळणारं पांघरूण घातलं, तेव्हा त्या किंचाळल्याच. "बाळंतीण हाय ती! माराल का पोरीले?" पिशवीतली शाल काढून त्या धावल्या.

डॉक्टरांनी मनगट धरलं. "मावशी, ऊब देऊनच ही इथवर आलीय. मेंदूची हानी वाढू नये म्हणून चोवीस तास अंग तेहतीस डिग्रीवर ठेवायचंय. शुद्धीवर येईल का, तुम्हाला ओळखेल का, ते त्यानंतर कळेल. शाल पिशवीत ठेवा."

चोवीस तास त्या काचेबाहेर बसल्या. लेकीचे ओठ गारठून निळसर दिसत होते, आणि आई शाल मुठीत आवळून नुसती बघत होती. मग दिवसभर हळूहळू अंग पुन्हा कोमट केलं. तिसऱ्या दिवशी नळी निघाली.

वैष्णवीनं डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं. यमुनाबाई आता तिच्या पलंगाशी उभ्या होत्या.

"आई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "थंडी वाजतेय गं."

ओळखलं! यमुनाबाईंना हुंदका आवरेना. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"घाला की शाल आता," डॉक्टर म्हणाल्या. "मुहूर्त पाहताय का?"

यमुनाबाईंनी शाल त्यांच्यापुढे धरली.

"तुमीच घाला, बाई. माह्या हातानं नको."