रेघेची वाटी

मी एक जुनी वाटी आहे. स्टीलची, बुडाला पोचा आलेली, पोटात अर्ध्याच्या जरा वर एक रेघ कोरलेली. मित्रांनो, त्या रेघेने मला मान मिळवून दिला आणि त्याच रेघेपायी एकदा मला खाली बघावं लागलं. तीच हकिगत सांगते.

कारखान्यात एकाच पत्र्यातून आम्ही बारा बहिणी निघालो. बाकीच्या कुठे नांदताहेत, ठाऊक नाही. मी आले वस्तीतल्या दवाखान्यात. तिथे एक आहारताई होत्या. लहान मुलांना काय आणि कसं भरवायचं ते त्या आयांना शिकवत. त्यांनी मापाने पाणी ओतलं आणि खिळ्याने माझ्या पोटात रेघ कोरली. तेवढं दुखलं, मग सवय झाली. दर गुरुवारी आया सतरंजीवर बसत आणि ताई मला उंच धरून म्हणत, "आठ महिन्यांचं बाळ, दिवसातून तीनदा, या रेघेपर्यंत! विसरायचं नाही." बाहेरून आलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाई मला हातात घेऊन म्हणाल्या, "किती सोपं केलंत!" तेव्हा मला जरा शिंगंच फुटली होती.

ज्या बाळाचं वजन रेंगाळे, त्याच्या घरी ताई मला महिनाभर राहायला धाडत. अशीच मी कपड्यांना इस्त्री करणाऱ्या बाईकडे गेले. एकच खोली, मधोमध इस्त्रीचं टेबल, आणि टेबलाखाली चादरीवर चिमी. चिमी म्हणजे तिची धाकटी लेक. ती, तिच्या वरची दोन भावंडं, आई आणि आईची सासू, अशा पाच जणांना डाळ-तांदळाच्या पेजेचं एकच पातेलं. ते पुरावं म्हणून आई त्यात गरम पाणी ओती. वर सासूबाई बजावत, "पातळच दे गं बाई. घट्ट दिलंस तर घशात अडकेल पोरीच्या."

आई मला डोळ्यांसमोर धरून बरोबर रेघेपर्यंत भरी. एक थेंब कमी नाही. चिमी सगळं पिऊन टाकी, तिचं पोट टम्म होई आणि अर्ध्या तासात ती पुन्हा रडायला लागे. हे सगळं माझ्यादेखत चाललं होतं.

महिना संपला. वजनाचा काटा जिथे होता तिथून जरा खालीच आला.

"खरं सांग, रेघेपर्यंत देतेस ना?" ताईंनी विचारलं.

"देते ताई. तिन्ही वेळा."

"मग जातं कुठे? मोठ्या दोघांच्या ताटात?"

सतरंजीवरच्या साऱ्या बायका वळून बघायला लागल्या. चिमीच्या आईने मला टेबलावर ठेवलं, लेकीला उचललं आणि ती निघून गेली. पुढचे दोन गुरुवार ती फिरकली नाही. मला फार वाईट वाटलं. ती बाई खरं बोलली होती आणि हे तिथे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात ताई मला पिशवीत घालून स्वतःच तिच्या घरी गेल्या. चिमीची आई इस्त्री करत होती. "बसा," ती म्हणाली, पण मान वर केली नाही. सासूबाई नातीला भरवत होत्या. ताईंनी त्यांच्या हातातला चमचा घेतला, पेजेत बुडवला आणि तिरका केला. पेज पाण्यासारखी वाहून गेली.

ताईंनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "चुकलं माझं. किती द्यायचं ते सांगितलं, कसं द्यायचं ते सांगितलंच नाही."

आईने इस्त्री उभी करून ठेवली. "मी खोटं बोलले नव्हते, ताई."

"नाही बोललीस."

ताईंनी पातेल्याच्या तळातलं घट्ट काढून मला भरलं, चमच्याने मळलं, वर थोडं तेल घातलं. आता चमचा तिरका केला तरी घास जागचा हलेना. "आधी बाळाचं असं तळातलं काढायचं, मग बाकीच्यांसाठी पाणी घालायचं," त्या म्हणाल्या.

"अडकलं तर तुम्ही बघा हं!" सासूबाई म्हणाल्या. तिघींचे डोळे त्या एवढ्याशा गळ्यावर खिळले. चिमीने घास गिळला आणि पुन्हा आ केला.

पुढच्या महिन्यात काटा वर सरकला. आईने तो दोनदा वाकून पाहिला.

आता ताई निवृत्त झाल्या. प्लास्टिकची नवी मापं आली आणि मी कपाटात टाचण्या सांभाळते आहे. गेल्या गुरुवारी नव्या ताई एका तरण्या आईला दरडावत होत्या, "मापाने देतेस, तर वजन का वाढत नाही?" त्या मुलीचे डोळे भरून आले. इतक्यात चिमीची आई दवाखान्याच्या इस्त्री केलेल्या चादरी घेऊन आत आली. तिने गठ्ठा खाली ठेवला, कपाट उघडलं, माझ्यातल्या टाचण्या ओतून काढल्या आणि मला फडक्याने पुसलं. "तिला रागावू नका, ताई," ती म्हणाली. "चला, आधी तिच्या घरी जाऊन चमचा तिरका करून बघू."

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा किंवा माझ्यात टाचण्या ठेवा, माझी तक्रार नाही. तुमच्या धाकट्या भावंडाला भरवाल तेव्हा तळातलं आधी त्याचं काढा. आणि एखाद्या घरचं मूल वाढत नसेल, तर त्याच्या आईला खोटं ठरवण्याआधी जेवायच्या वेळी तिच्या घरी एकदा जाऊन या.