धाकटीच्या अंगणातली भिंत

थोरलीच्या घराच्या रंगाचं गल्लीत नाव होतं, आणि कोणी ते काढलं नाही तर थोरली स्वतः काढायची. दारात नवा माणूस आला की पाणी द्यायच्या आधी विचारायची, "रंग कधी दिला असेल, सांगा बघू?" समोरचा "गेल्या साली?" म्हणाला की हिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. नवऱ्याच्या हयातीतला पिस्ता रंग होता तो. नवरा गेला, रंग राहिला.

"रंग काय, कोणीही लावतं," ती म्हणायची. "टिकवायला घरात बाई लागते."

कोमट पाण्यात चिमूटभर साबण, जुनं मऊ फडकं, आणि भिंत पुसायची ती खालून वर. वरून खाली पुसली की मळकट ओघळ कोरड्या भिंतीवर उतरतो आणि जन्माचा तिथे मुक्काम करतो. घासायचं तर मुळीच नाही. "भिंत आहे ती, कढई नव्हे," म्हणत तिने सूनबाईच्या हातातली घासणी एकदा हिसकावून घेतली होती. उरलेल्या रंगाचा डबा झाकण ठोकून, कपाटाखाली पालथा. कुठे टवका उडाला की त्यातलाच बोटभर रंग. बाहेरून पन्हळीतला पाला काढायचा, भिंतीला टेकणारी फांदी छाटायची, चीर दिसली की पावसाआधी पुट्टी भरायची. ओल्या भिंतीवर रंग फासणाऱ्यांचा तर तिला भारी तिटकारा. "आंघोळीची गोळी घेऊन पावडर थापणारी माणसं!"

पण हे सगळं तीन भिंतींचं. चौथी धाकटीच्या अंगणात उभी होती.

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. दोघींच्या नवऱ्यांनी एकाच जागेत पाठीला पाठ लावून घरं बांधली. थोरलीच्या घराची मागची भिंत हीच धाकटीच्या अंगणाची हद्द. तिला रंग द्यायचा तर शिडी धाकटीकडे लावावी लागे. भाऊ-भाऊ होते तोवर कोण कोणाला विचारतंय! पण त्या पिस्ता रंगाच्या वेळी रंगाऱ्याच्या ब्रशचे थेंब धाकटीच्या वाळत घातलेल्या चादरीवर उडाले. पांढरी, कोरी चादर. धाकटी ती हातात धरून पुढच्या दारी आली. थोरली नुसतं 'चुकलं गं' म्हणाली असती तर तिथेच मिटलं असतं. पण गल्लीतल्या दोघी-चौघी बघत होत्या, आणि बघणारं कोणी असलं की थोरलीच्या जिभेला धार चढायची.

"बरं झालं की," ती म्हणाली. "तेवढाच तुझ्या घराला रंग लागला."

बायका खो खो हसल्या. धाकटीच्या घरावर तेव्हा उघडा गिलावा होता. नवऱ्याच्या आजारपणात तिचं होतं नव्हतं ते गेलं होतं. तिने चादरीची घडी घातली आणि ती परत गेली. दोन अंगणांमधल्या फाटकाला धाकटीच्या बाजूने कडी पडली, ती पडलीच. शिडी बाहेर आली. भिंत अर्धी रंगवून झाली होती, अर्धीच राहिली.

नवरा म्हणाला, "अगं, जा, एक शब्द टाक."

"माझं तोंड काय भाड्याने दिलंय?" थोरली म्हणाली. पुढे दोघी जावा विधवा झाल्या, तरी एकमेकींच्या दारात गेल्या त्या चार माणसांच्या मागून. मुलाला तर तिने शपथच घातली होती. या घरातलं कोणी काकूच्या फाटकाशी हात पसरायला जाणार नाही.

माणसाला शपथ कळते, पाण्याला कळत नाही. मागच्या खोलीत ओल उतरली. आधी कोपऱ्यात, मग पलंगाच्या उशाशी. मुलगा, सूनबाई आणि रांगायला लागलेली नात त्याच खोलीत झोपायची. पोरीचा खोकला पावसाबरोबर सुरू झाला आणि पाऊस गेला तरी गेला नाही.

"आई, भिंत बाहेरून बंद केल्याशिवाय आतलं सुकायचं नाही," मुलगा म्हणाला.

"मला शिकव. तुझ्या जन्माआधीपासून भिंती सांभाळतेय मी."

"मग काकूला विचार ना."

"पलंग सरकव."

पलंग सरकवला. खोली केवढी, तो सरकणार केवढा!

सूनबाई पोरीला घेऊन चार दिवस माहेरी गेली, तेव्हा थोरलीने डाव साधला. रंगाऱ्याला बोलावलं. त्याने भिंतीला हात लावला आणि हात पँटला पुसला. "आजी, ही भिंत रडतेय. हिला आधी वाळू द्या."

"तुला विचारलं का? चांगला जाड ऑइलपेंट दे. पाण्याचा बाप आला तरी बाहेर यायला नको."

"पाण्याला बाप नसतो आजी," रंगारी म्हणाला, "म्हणून तर ते कोणाचं ऐकत नाही." पण ब्रश बुडवला. गिऱ्हाईकाशी किती भांडायचं त्याने तरी.

खोली आरशासारखी चकाकली. पावडर थापून झाली होती. सूनबाई आली, बघून बरं वाटलं तिला. नाही कशाला म्हणायचं! थोरली आठवडाभर ताठ मानेने फिरली. मग भिंतीला फोड आले. आधी वाटाण्याएवढे, मग मुठीएवढे. बोटाने दाबले की आतलं पाणी डुचमळायचं. थोरली सगळ्यांच्या आधी उठून ते पट्टीने खरवडायची, वर रंगाचा हात मारायची आणि खिडकी उघडून वास घालवायची.

एका सकाळी मोठा पोपडा पलंगावर गळून पडला. सूनबाई धावत आली तेव्हा पोरगी तो चघळत होती. ओठ पिस्त्याच्या रंगाचे. सूनबाईने तोंडात बोट घालून तुकडे काढले, पोरगी ओकली, खोकली, काळीनिळी होऊन रडली.  मग सूनबाई कपडे गोळा करायला लागली.

मुलगा म्हणाला, "आई, एक तर तू आज काकूकडे जा, नाहीतर आम्ही जातो. तुझी शपथ आजपर्यंत पाळली. आता माझी पोरगी मधे आलीय."

थोरलीने तोंड धुतलं, केस विंचरले आणि मधल्या फाटकाशी जाऊन कडी वाजवली. वाजवताना तिला वाटलं, आपलेच दात वाजताहेत.

धाकटीने फाटक उघडलं. केस पांढरे झाले होते. "या जाऊबाई," म्हणाली. तिच्या खांद्यावरून थोरलीला आपली भिंत दिसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा समोरून. हात पोचेल तिथपर्यंत स्वच्छ पांढरी, नीट राखलेली. त्याच्या वर काळं शेवाळ, चिरा, आणि चिरेतून मान काढलेलं एक रोपटं.

"माझ्या डोळ्यांसमोर येतं तेवढं मी रंगवते," धाकटी म्हणाली. "वरचं तुमचं."

"शिडी लावायचीय," थोरली म्हणाली.

"विचारताय, की सांगताय?"

"माझी भिंत आहे."

"मग न्या उचलून तुमच्या अंगणात, आणि रंगवा."

थोरलीच्या मागे मुलगा उभा होता. पलीकडे सूनबाई, कडेवर पोरगी. पोरगी खोकली. धाकटीने तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जाऊबाई, मला काही नको. त्या चादरीपायी एक शब्द बोला. शिडी मी स्वतः धरते."

शब्द थोरलीच्या तोंडात आला होता. जिभेवर होता. एवढासा शब्द, तो बाहेर पडला की पोर घरात राहणार होती. पण मुलगा ऐकत होता, सून ऐकत होती.

"चादर ती चादर," थोरली म्हणाली. "दोन थेंबांचं काय घेऊन बसलीस अजून!"

धाकटीने मान हलवली. रागाने नव्हे, हिशेब आधीच माहीत असल्यासारखी. मग थोरलीला ओलांडून ती मुलाला म्हणाली, "माझी वरची खोली रिकामी आहे. कोरडी आहे. पोरीला घेऊन या."

सुंभ जळतो, पीळ राहतो, म्हणतात. पीळ घेऊन थोरली घरी आली. दुपारपर्यंत मागची खोली रिकामी झाली. पलंग गेला त्या जागी भिंतीवर त्याच्या आकाराची कोरडी पट्टीसुद्धा नव्हती. सगळीकडून सारखीच ओल.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी भिंतीतून खर्र खर्र आवाज आला. थोरली गच्चीवर गेली आणि वाकून बघू लागली. धाकटीच्या अंगणात शिडी होती, शिडीवर मुलगा, हातात पट्टी. शेवाळ खरवडत होता. शिडी धाकटीने धरली होती. खाली थेंब झेलायला एक जुनी पांढरी चादर पसरली होती, आणि तिच्यावर पिस्ता रंगाचे ठिपके वरूनसुद्धा दिसत होते. नात त्या ठिपक्यांवर पाय आपटत होती. खोकला नव्हता तिला.

"अरे, चिरा आधी भर!" थोरली वरून ओरडली. "आणि सुकू दे नीट!"

"भरतोय, आई," मुलगा वर न बघता म्हणाला.

भिंत सुकली. आतून खरवडून, अस्तर देऊन थोरलीने खोलीला नवा पिस्ता रंग दिला. आता तिथे ना फोड, ना पोपडा. भिंतीला हाताचा डाग नाही, तेलकट डोक्याचा ठसा नाही, पेन्सिलीची रेघ नाही. तरी थोरली कोमट पाणी घेते, चिमूटभर साबण टाकते आणि भिंत खालून वर पुसते. फडकं पिळते. पाणी निघतं ते जसं घेतलं तसंच, स्वच्छ.